मरेफील्डच्या मुळाशी: एका हंगामाचं गवत आणि स्कॉटलंडचं रग्बी

एडिंबराच्या मरेफील्ड स्टेडियमवर २०१३-१४च्या हंगामात स्कॉटलंडचा रग्बी संघ घरच्या दोन सामन्यांत एकही गुण न मिळवता हरला. १७ नोव्हेंबर २०१३ला दक्षिण आफ्रिकेने ०-२८ने हरवलं, ८ फेब्रुवारी २०१४ला इंग्लंडने ०-२०ने. इंग्लंडच्या सामन्यानंतर स्कॉटलंडच्या खेळाचे वाभाडे निघालेच, पण तितकीच चर्चा गवताची झाली. टीव्हीवर दिसत होतं ते असं: स्क्रम (दोन्ही संघांची वाकून, एकमेकांत गुंतून होणारी ढकलाढकली) लागला की हिरवळीचे हातभर तुकडे सुटून बाजूला पडत होते, खाली काळपट ओली वाळू उघडी पडत होती, आणि खेळ थांबला की खेळाडू ते तुकडे बुटाने पुन्हा जागेवर दाबत होते.

‘मैदान खराब होतं म्हणून हरले’ असं म्हणून या प्रकरणाचा निकाल लावणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मैदान दोन्ही संघांना सारखंच खराब होतं, आणि इंग्लंडने त्याच मैदानावर दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. गवताने सामना फिरवला नाही. त्याने रग्बीमधला एक अख्खा विभाग, म्हणजे स्क्रम, निकामी केला आणि त्याचा निवाडा रेफ्रीच्या अंदाजावर सोपवला. शिवाय हे सगळं नोव्हेंबरपासून माहीत असूनही मार्चपर्यंत कुणाला थांबवता आलं नाही. प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे ते या दुसऱ्या गोष्टीमुळे.

थंडीचा बंदोबस्त झाला होता

मरेफील्ड १९२५ साली सुरू झालं. स्कॉटलंडच्या रग्बी संघटनेला मैदानाची फिकीर नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९५९ सालीच इथे गवताखाली विजेच्या तारांचं जाळं घातलं गेलं, म्हणजे हिवाळ्यात जमीन गोठू नये. पैसे दिले होते चार्ल्स हेपबर्न नावाच्या व्हिस्की उद्योजकाने. १९९१मध्ये त्या तारा काढून गरम पाण्याचे पाइप टाकले. एडिंबरासारख्या उत्तरेकडच्या शहरात फेब्रुवारीत सामना ठेवायचा तर ही चैन नव्हे, गरज.

ती किती मोठी गरज आहे हे पॅरिसला चांगलंच कळलं होतं. ११ फेब्रुवारी २०१२ला स्टाद द फ्रान्समध्ये फ्रान्स-आयर्लंड सामना सुरू होण्याच्या अगदी तोंडावर रद्द झाला. प्रेक्षक जागेवर बसलेले, संघ तयार, आणि जमीन गोठून दगड झालेली. एवढ्या मोठ्या राष्ट्रीय स्टेडियमला खालून उष्णता देण्याची सोयच नव्हती. तो सामना ४ मार्चला खेळवला गेला आणि १७-१७ असा बरोबरीत सुटला. अशी नामुष्की मरेफील्डवर येण्याची शक्यता फार कमी होती. संघटनेने ज्या शत्रूची तयारी केली होती, तो वरून येणारा होता: थंडी, बर्फ, पाऊस. या वेळी तो खालून आला.

मुळं खाणारे

२०१३च्या शरद ऋतूत मैदानाला सूत्रकृमी लागल्याचं जाहीर झालं. सूत्रकृमी म्हणजे मातीतले अतिसूक्ष्म, दोऱ्यासारखे जीव. बहुतेकांची लांबी एक मिलिमीटरही नसते. यातले बरेचसे निरुपद्रवी असतात. गवताच्या मुळावर जगणारे असतात त्यांच्या तोंडात सुईसारखा एक अवयव असतो; तो मुळात खुपसून ते पेशीतला रस ओढून घेतात. काही मुळाच्या आत शिरून तिथेच राहतात आणि मुळावर गाठी येतात. गवत एकदम मरत नाही. वरून ते थोडं फिकट, थोडं थकलेलं दिसतं. खाली मुळं आखूड होत जातात, त्यांच्या शाखा कमी होतात, आणि पातं हिरवं असतानाच त्याची जमिनीवरची पकड गेलेली असते.

अशा मैदानावर नुसतं फिरून आलात तर विशेष काही कळणार नाही. पाहणी करणाऱ्याला कोर काढावा लागतो, म्हणजे पोकळ नळी जमिनीत दाबून मातीचा उभा तुकडा बाहेर घ्यायचा आणि मुळं किती खोल गेली आहेत ते पाहायचं. निरोगी मैदानात पांढरी मुळं वाळूतून बरीच खाली उतरलेली दिसतात. लागण झालेल्या तुकड्यात वरच्या थोड्या थरात तपकिरी जावळ असतं, आणि खाली मोकळी वाळू हातात सांडते. असं गवत गुळगुळीत फरशीवर अंथरलेल्या सतरंजीसारखं असतं: उभं राहिलं तर काही नाही, पाय रेटला की सतरंजी निघाली.

मोठ्या स्टेडियमचं मैदान आणि सूत्रकृमी यांचं जमतं, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. पाणी झटकन निचरून जावं म्हणून खाली वाळू वापरतात, आणि मुळांवर जगणाऱ्या बऱ्याच सूत्रकृमींना वाळूची सैल जमीन मानवते. गवत एकाच प्रकारचं, बहुधा रायग्रास. पाणी आणि खत नियमित. उंच स्टँडमुळे ऊन आणि वारा कमी, म्हणजे गवत आधीच अशक्त. त्यात खालून ऊब. मरेफील्डच्या पाइपांनीच ही पीडा वाढवली असं मी म्हणत नाही, पण मुळांचा थर उबदार ठेवला की गवताबरोबर त्यात राहणारे इतर जीवही जास्त काळ हालचाल करत राहतात, हे उघड आहे.

औषधांचाही प्रश्न होता. पूर्वी सूत्रकृमींवर वापरायची जहाल रसायनं युरोपमध्ये एकेक करून बंद झाली होती, आणि ती बंद झाली हे चांगलंच झालं. त्यामुळे मरेफील्डवर फवारला गेला तो लसणाचा अर्क. लसूण म्हटल्यावर वृत्तपत्रांना आयतंच खाद्य मिळालं. बरेच विनोद झाले. उपाय मात्र विनोदी नव्हता. लसणातली गंधकयुक्त संयुगं सूत्रकृमींना मारक असतात आणि त्यावर आधारलेली औषधं शेतीतही वापरली जातात. अडचण वेगळी होती. सूत्रकृमी मेले तरी खाल्लेली मुळं परत येत नाहीत. ती नव्याने वाढावी लागतात, त्यासाठी माती उबदार हवी, ऊन हवं, आणि काही आठवडे कुणी त्यावर पाय ठेवायला नको. नोव्हेंबरात एडिंबरामध्ये दिवस आठ तासांच्या आसपास येतो आणि डिसेंबरात त्याच्याही खाली. लसणाने रोग आटोक्यात येऊ शकत होता, मैदान नाही.

स्क्रममध्ये काय बिघडतं

रग्बी फारसं न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: किरकोळ चूक झाली की दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांत खांदे गुंतवून वाकतात, मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो, आणि ढकलाढकली होते. आंतरराष्ट्रीय पातळीवर एका बाजूच्या आठ जणांचं वजन ९०० किलोंच्या आसपास असतं. हा सगळा जोर जमिनीत जातो तो सोळा जणांच्या बुटांच्या खिळ्यांतून. खिळ्याची लांबी नियमाने जास्तीत जास्त २१ मिलिमीटर. म्हणजे खेळाडूची पकड जमिनीच्या वरच्या दोन सेंटिमीटरच्या थरावर अवलंबून असते, आणि त्या थराची पकड मुळांवर. मुळं तोकडी असतील तर खिळा गवतात घट्ट रुतूनही उपयोग नाही, कारण खिळा रुतलेला तो तुकडाच मागे सरकतो.

यात वेळेचा एक दुर्दैवी योग होता, त्याकडे त्या वेळी फारसं कुणी बघितलं नाही. नेमक्या २०१३-१४च्या हंगामापासून स्क्रम लावण्याची पद्धत बदलली होती. आधी दोन्ही बाजू थोडं अंतर ठेवून वाकायच्या आणि हुकूम मिळताच एकमेकांवर आदळायच्या. त्या धडकेतच बरंचसं ठरून जायचं. धडकेने मानेवर आणि मणक्यावर येणारा भार कमी करण्यासाठी नवी पद्धत आली: वाका, समोरच्याची जर्सी पकडा, मग सेट. धडकेचा जोर बराच कमी झाला. त्याच वेळी रेफ्रींना सांगण्यात आलं की चेंडू सरळच टाकला गेला पाहिजे. परिणाम असा की हुकरला (पहिल्या रांगेतल्या मधल्या खेळाडूला) पुन्हा एका पायाने चेंडू मागे ओढावा लागू लागला, आणि उरलेल्यांना स्थिर उभं राहून सलग जोर लावावा लागू लागला.

सुरक्षेच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. पण त्यामुळे स्क्रमचं सगळं गणित धडकेकडून पायाच्या पकडीकडे सरकलं, आणि मरेफील्डवर नेमकी तीच नव्हती.

एका प्रॉपच्या, म्हणजे पहिल्या रांगेत कडेला असणाऱ्या खेळाडूच्या, जागी उभं राहून बघा. उजवा पाय मागे, गुडघा नव्वद अंशांहून थोडा मोठा कोन करून वाकलेला, पाठ जमिनीला समांतर. सेट म्हटल्यावर मागून लॉकचा, म्हणजे दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूचा, जोर नितंबांवर येतो, समोरून विरुद्ध प्रॉपचा खांद्यावर. इतक्यात टाचेखालचा तुकडा सुटतो. पाय वीतभर मागे जातो. आता त्याच्यापुढे दोनच गोष्टी असतात: पाय पुन्हा जवळ घ्यायचा, म्हणजे क्षणभर एका पायावर सगळा भार; किंवा पाय मागेच राहू द्यायचा, म्हणजे छाती खाली जाते आणि स्क्रम कोसळतो. दोन्ही वेळा तो दोषी दिसतो. तिथून दोन-तीन मीटरवर, एकाच बाजूला उभ्या असलेल्या रेफ्रीला हे कळणं कठीण असतं की प्रॉपने मुद्दाम स्क्रम पाडला, तो कमजोर पडला, की जमिनीने दगा दिला. नियमात सोय आहे: कुणाचाच दोष नसेल तर स्क्रम पुन्हा लावायचा. पण तीनदा कोसळल्यावर प्रेक्षक ओरडू लागतात, घड्याळ चालूच असतं, आणि रेफ्री कुणावर तरी पेनल्टी देतो. त्या पेनल्टीचे तीन गुण होतात, किंवा चेंडू पन्नास मीटर पुढे जातो.

नुकसान होतं ते बलवान स्क्रम असलेल्या संघाचं, असा एक समज आहे. अर्धाच खरा आहे. बलवान बाजूला जोर लावता येत नाही हे बरोबर. पण कमजोर बाजूलाही टिकून राहता येत नाही, आणि रेफ्रीच्या मनात आधीपासून जो संघ कमजोर असतो, संशयाचा फायदा त्याला क्वचितच मिळतो. म्हणजे खराब मैदान सगळ्यांना समान नसतं, ते नावलौकिकाच्या बाजूने झुकतं. हे माझं मत आहे, आकड्यांनी सिद्ध केलेलं नाही, पण कोसळलेल्या स्क्रमवरचे निर्णय ओळीने पाहिले की दुसरं काही वाटत नाही.

बाकीच्या खेळावरचा परिणाम लवकर सांगून संपण्यासारखा आहे. पळताना झटक्यात दिशा बदलणारा बॅक, म्हणजे मागच्या फळीतला खेळाडू, अशा जमिनीवर पाय टाकताना विचार करतो, आणि विचार केला की तो पकडला जातो. संघ चेंडू हातात खेळवण्यापेक्षा लाथेने पुढे पाठवणं पसंत करतात.

८ फेब्रुवारी

सहा युरोपीय देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेत स्कॉटलंडची सुरुवात आठवडाभर आधी डब्लिनमध्ये आयर्लंडकडून २८-६ अशी हार खाऊन झाली होती. मग इंग्लंडविरुद्धचा कलकत्ता कपचा सामना. इंग्लंडकडून ल्यूथर बरेल आणि माइक ब्राउन यांनी ट्राय केले, डॅनी केअरने ड्रॉप गोल मारला, बाकीचे गुण ओवेन फॅरलच्या पायातून आले. ड्रॉप गोल मारताना चेंडू हातातून सोडून जमिनीला लागला की लगेच मारायचा असतो, म्हणजे टप्पा नीट मिळायला हवा. त्या जमिनीवर केअरने तो मारला हे त्याचं कसब.

स्कॉटलंडची खरी पडझड लाइनआउटमध्ये झाली, म्हणजे चेंडू रेषेबाहेर गेल्यावर तो दोन्ही संघांच्या रांगांमध्ये फेकून खेळ पुन्हा सुरू करतात तिथे. आपणच फेकलेला चेंडू आपल्याला मिळेना. लाइनआउटमध्ये उडी मारणाऱ्याला दोघे उचलतात. पायाखालची जमीन तिथेही लागते, पण फेकलेला चेंडू चुकीच्या उंचीवर जात असेल तर तो दोष गवतावर ढकलता येत नाही. इंग्लंडचा लाइनआउट त्याच मैदानावर चालत होता. स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात, १५ मार्चला कार्डिफमध्ये, स्कॉटलंड वेल्सकडून ५१-३ने हरलं, आणि तिथे मरेफील्डचं गवत नव्हतं. (कार्डिफचं मैदानही त्या काळात शिव्या खातच होतं, ते सोडा. स्टुअर्ट हॉगला लवकर लाल कार्ड मिळालं होतं, हे सोडता येणार नाही.) मधल्या काळात रोममध्ये डंकन वीअरच्या शेवटच्या क्षणीच्या ड्रॉप गोलवर २१-२०ने विजय आणि मरेफील्डवरच ८ मार्चला फ्रान्सकडून १७-१९ अशी निसटती हार. त्याच वाईट मैदानावर महिन्याभराच्या अंतराने शून्य गुण आणि सतरा गुण. मैदान एवढंच कारण असतं तर एवढा फरक पडला नसता.

थांबवायचं कुणी?

नियम काय म्हणतो? मैदान खेळायला सुरक्षित असलं पाहिजे. सामन्याआधी कोणताही संघ हरकत घेऊ शकतो, आणि मैदानाचा कुठलाही भाग धोकादायक वाटला तर रेफ्रीने सामना सुरू करू नये. कागदावर हे पुरेसं आहे. प्रत्यक्षात ६७,००० प्रेक्षक, अनेक देशांतलं प्रक्षेपण आणि विकली गेलेली तिकिटं समोर असताना ‘गवत सुटतंय’ म्हणून सामना रद्द करणारा रेफ्री मिळणार नाही. गोठलेली जमीन मोजता येते. सुटणारं गवत प्रत्यक्ष स्क्रम लागेपर्यंत सिद्ध होत नाही, आणि तोपर्यंत सामना सुरू झालेला असतो.

मला या प्रकरणात सगळ्यात खटकतं ते हे. कृत्रिम गवताचं मैदान रग्बीसाठी वापरायचं तर आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. धक्का किती शोषला जातो, बूट फिरवायला किती जोर लागतो, सगळं यंत्राने मोजलं जातं आणि ठरावीक मुदतीने पुन्हा मोजलं जातं. नैसर्गिक गवताला मात्र ‘सुरक्षित असावं’ या एका वाक्यावर सोडलेलं. बूट फिरवून पकड मोजायचं तेच उपकरण गवतावरही चालतं, हे ग्राउंड्समनना अनेक वर्षं माहीत आहे. पण एखादा आकडा खाली गेला तर सामना हलवायचा, असं लिहून ठेवणं कुठल्याच संघटनेला परवडणारं नव्हतं. म्हणून लिहिलं गेलं नाही.

शिवाय वेळापत्रक. मरेफील्डवर फक्त राष्ट्रीय संघ खेळत नव्हता. एडिंबराचा व्यावसायिक क्लबही तिथेच खेळायचा, हिवाळाभर, ६७,००० आसनांच्या स्टेडियममध्ये काही हजार प्रेक्षकांसमोर. नोव्हेंबरात तीन कसोट्या: जपानविरुद्ध ४२-१७ असा विजय, मग दक्षिण आफ्रिका, मग ऑस्ट्रेलियाकडून १५-२१. त्यामध्ये आणि त्यानंतर क्लबचे सामने. आजारी गवताला लागते ती विश्रांती, आणि ती देण्यासाठी क्लबला दुसरीकडे हलवायला हवं होतं. रोगाचं निदान झालं तेव्हा ग्राउंड्समनच्या हातात फवारणी होती, फाळे मारून माती मोकळी करणं होतं, सामन्यानंतर काट्याने तुकडे बसवणं होतं. वेळापत्रक त्याच्या हातात नव्हतं. दोष मात्र त्याच्या नावावर लागला.

शिवलेलं गवत

त्या उन्हाळ्यात जुनं मैदान खरवडून काढलं आणि डेसो ग्रासमास्टर या पद्धतीचं संकरित मैदान घातलं. संकरित म्हणजे गवत खरंच, पण त्याच्या मध्येमध्ये यंत्राने प्लॅस्टिकचे धागे जमिनीत शिवलेले. धागे सुमारे २० सेंटिमीटर खोल जातात, साधारण दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर, आणि एका मैदानात त्यांची संख्या दोन कोटींच्या आसपास भरते. वर दिसणारं प्लॅस्टिक अगदी थोडं, तीन टक्क्यांच्या आसपास. गवताची मुळं या धाग्यांभोवती गुंफली जातात. खेळाडूचा खिळा रुतला की जोर मुळांबरोबर धाग्यांवरही जातो, त्यामुळे हातभर तुकडे सुटत नाहीत. ट्विकेनहॅम आणि वेम्बलीने हा मार्ग आधीच धरला होता. कार्डिफनेही २०१४मध्येच तो धरला.

८ नोव्हेंबर २०१४ला नव्या मैदानावर स्कॉटलंडने अर्जेंटिनाला ४१-३१ने हरवलं. एका वर्षापूर्वी दोन सामन्यांत शून्य आणि आता एकाच सामन्यात ४१, असं लिहिण्याचा मोह अनेकांना झाला. तोवर प्रशिक्षकही बदलले होते. स्कॉट जॉन्सन जाऊन व्हर्न कॉटर आले होते. दोन आठवड्यांनी टोंगाविरुद्धची कसोटी संघटनेने किल्मार्नकच्या फुटबॉल मैदानावर, पूर्ण कृत्रिम गवतावर खेळवली आणि ती ३७-१२ने जिंकली.

धागे सूत्रकृमींना मारत नाहीत, हे मात्र विसरायला नको. संकरित मैदानाच्या वाळूतही ते सुखाने राहू शकतात आणि मुळं खाऊ शकतात. फरक एवढाच की मुळं गेली तरी वरचा थर काही काळ जागेवर राहतो, म्हणजे रोग आणखी उशिरा दिसतो. म्हणून अशा मैदानाचं वरचं गवत दर उन्हाळ्यात यंत्राने पार खरवडून काढतात, धागे तेवढे उभे ठेवतात आणि नव्याने बी पेरतात. त्यासाठी काही आठवडे मैदान मोकळं हवं, आणि नेमके तेच आठवडे संगीताच्या कार्यक्रमांना हवे असतात.

वेळापत्रकाचा प्रश्न सुटायला जास्त वर्षं लागली. २०१५-१६च्या पावसाळी हिवाळ्यात ग्लासगोच्या क्लबचं स्कॉट्सटन मैदान पाण्याखाली गेलं, सामने किल्मार्नकला हलवावे लागले, आणि २०१६मध्ये तिथे कृत्रिम गवत आलं. एडिंबराच्या क्लबला मरेफील्डच्या आवारातच, मोठ्या स्टेडियमच्या शेजारी, ७,८०० आसनांचं स्वतःचं छोटं स्टेडियम मिळालं ते २०२१मध्ये. तिथेही कृत्रिम गवतच आहे, आणि आता खेळाडूंची तक्रार गुडघ्या-कोपरांची सालटी निघण्याची असते.